बुवांची कवळी

या, असे जवळ या. दाराशी काय टेकलात परक्यासारखे? खुर्ची ओढा, गुडघ्याला गुडघा लागू द्या. एक गोष्ट सांगतो. राजाराणीची नाही, राक्षसाचीही नाही, कवळीची. हसलात? हसा, हसा. हसेल त्याचे दात दिसतील, आणि आजची गोष्ट सगळी दातांवरच अडलेली आहे.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक काका होते. कवळ्या करायचे, म्हणून लहानथोर त्यांना दातकाका म्हणत. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. खिडकीशी टेबल, त्यावर मेण वितळवायचा दिवा, ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे, आणि घासायचं एक छोटं यंत्र. ते सुरू झालं की शेजाऱ्यांच्या खऱ्या दातांना कळ येई. दंतवैद्यबाई पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवायच्या, काका त्यावरून कवळी करून परत धाडायचे. माणूस कधी दिसायचाच नाही, नुसता जबडा. चर्चच्या पुढच्या बाकांवरची झाडून सगळी म्हातारी माणसं काकांच्याच दातांनी जेवत. मंडळीनं एका सुरात 'आमेन' म्हटलं की काकू कुजबुजत, "ऐका, तुमचंच काम वाजतंय."

माणूस भला. दुसऱ्याच्या आजारपणात रात्रंदिवस पळणारा, पद ऐकताना डोळ्यांतून धारा लागणारा. पण एक गोष्ट होती.

समुद्रापलीकडून, वेगळ्या वंशाची, काळ्या रंगाची माणसं आमच्या शहरात कामाला आली होती. गोदीत, दवाखान्यात, इमारतींच्या बांधकामावर. त्यांच्यातली बरीच आपल्याच प्रभूला मानणारी, म्हणून आपल्याच चर्चला येऊ लागली. काका त्यांना कधी वावगं बोलले नाहीत. दारात उभे राहून "या, बसा" म्हणत. फक्त हात पुढे करायची वेळ आली की काकांच्या हातात नेमकं गीतांचं पुस्तक असे, आणि तेही दोन्ही हातांत. लहानपणी घरात त्यांनी पाहिलं होतं की त्या लोकांचा हात लागलेलं भांडं वेगळं ठेवतात. कुणी कारण सांगितलं नव्हतं, यांनी विचारलं नव्हतं. हंड्यातलं पाणी रोज बदलावं आणि तळाचा गाळ तसाच राहावा, तसं ते आत राहून गेलं होतं.

आता आमच्याकडे प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षरस घ्यायच्या विधीला, प्याला एकच. तो बाकांवरून हातोहात फिरतो. आपण घोट घेतला की शेजाऱ्याच्या हाती द्यायचा. शेजारी प्याला जरासा फिरवून दुसऱ्या कडेनं पितो. सगळ्यांत शेवटी प्रवचनकार उरलेला घोट घेतो. काका पहिल्या बाकाचं पहिलं टोक कधी सोडत नसत. मंडळी म्हणे, काय ही ओढ, काय ही भक्ती! काकू काही म्हणत नसत. पहिल्याच्या आधी प्याल्याला कुणाचेच ओठ लागलेले नसतात, हे त्यांना कळत होतं.

अशात आमचे जुने प्रवचनकार थकले आणि नवे आले. त्याच समुद्रापलीकडच्या लोकांतले. उंच, सावकाश चालणारे, काळेभोर. आणि गळा? काय सांगू! आमच्याकडे प्रवचन नुसतं बोलत नाहीत, गातात. थोडी कथा, मग पद, पुन्हा कथा. पहिल्याच रविवारी त्यांनी त्या मुक्या माणसाची कथा लावली, ज्याला प्रभूनं गर्दीतून बाजूला नेलं आणि जिभेला हात लावून बोलतं केलं. कथा रंगात आली आणि त्यांनी स्वतः रचलेलं पद उचललं:

*शब्दे तारे घडविणारा । शब्दे वादळ शमविणारा ।*
*मुक्यापाशी येता मात्र । बोटे जीभ शिवणारा ॥*

आणि मग हळूच विचारलं, "बाबांनो, वादळाला नुसता शब्द पुरला. मग या माणसाला शब्द पुरला नसता का? पुरला असता. पण या गरिबाला आजवर कुणी शिवलंच नव्हतं." तिथं सगळं चर्च हललं. दुसऱ्या रविवारपासून त्यांना कुणी नावानं हाक मारली नाही. ते आमचे बुवा झाले.

काकाही हलले. खोटं कशाला बोलू? बुवा गाऊ लागले की पहिल्या बाकावर काका डोळे मिटून घेत, हात जोडत आणि गालांवरून पाणी वाहू देत. पद संपलं की डोळे उघडून खिडकीकडे बघत. एकदा घरी काकू म्हणाल्या, "अहो, कधीतरी डोळे उघडूनही ऐका की."

"भक्ती आतून करायची असते," काका म्हणाले.

"हो का? मग हुंदके बाहेरून कशाला देता?"

वर्ष सरायच्या आत बुवांच्या हिरड्यांना रोग लागला. दंतवैद्यबाईंनी खूप प्रयत्न केले, पण शेवटी सगळे दात काढावे लागले. आणि दात गेल्यावर गाणं राहतं का? सूर होता तसाच, पण शब्द तोंडातून निसटून जात. 'तारे' म्हणायला जावं तर नुसता वारा. त्यात बुवांची नेमणूक अजून कच्ची. आमच्या पंचांनी ठरवलं, सगळ्या मंडळ्यांची वार्षिक सभा आपल्याकडे आहे, त्या सभेत बुवांनी गाऊन प्रवचन केलं तर ते इथंच कायम. नाहीतर त्यांना मुख्य कचेरीत कागद लावायला पाठवावं लागेल. पंचांच्या मनातही वाईट नव्हतं. पण कोकिळेला कारकून करायचं म्हणजे तिला मारायचंच की.

बुवांच्या जबड्याचा ठसा अर्थातच दातकाकांकडे आला. पाठोपाठ दंतवैद्यबाईंचा फोन.

"काका, या वेळी नुसत्या ठशावर जाऊ नका. बुवांना एकदा समोर बसवा. गाणारं तोंड आहे. शिवाय हिरड्यांचा रंगही बघायला हवा."

"अहो बाई, देवाच्या घरी रंग कोण बघतो? मी तर रंग बघतच नाही."

बाईंनी फोन ठेवला. वाक्यच एवढं सोवळं होतं, त्याच्यावर बोलायचं काय!

काकांनी मन लावून काम केलं, हे मात्र मी शपथेवर सांगेन. प्लास्टर पांढरं असतं, ते कुणाचंही असो. त्या पांढऱ्या जबड्यावर काका जीव ओतून राबले. दात निवडले, मेणात बसवले, दोन्ही जबडे मिटवून पाहिले, पुन्हा काढले, पुन्हा बसवले. हिरडीसाठी मात्र नेहमीची बरणी उघडली. गुलाबी. आपली हिरडी गुलाबी, म्हणजे जगाची हिरडी गुलाबी. त्या लोकांपैकी कुणाचीच कवळी आजवर आपल्याकडे का आली नाही, हा प्रश्न काकांना कधी पडलाच नव्हता.

रविवारी नवी कवळी घालून बुवा उभे राहिले. चर्च भरलेलं. त्यांनी सूर लावला, तोंड उघडलं, आणि त्या गडद चेहऱ्यात एक भडक गुलाबी पट्टी चमकली, जशी बाहुलीची जिवणी कापून चिकटवावी. पोरं ती पोरंच. एक फिस्सकन हसलं, मग दुसरं. बुवांनी पद पुढे रेटलं तर 'शब्दे'च्या जागी बारीक शीळ वाजली. मग मोठी माणसंही खाली बघून ओठ चावू लागली.

काका डोळे मिटून बसले होते. शीळ ऐकली आणि दचकून त्यांनी डोळे उघडले. पहिल्यांदाच त्यांनी गाणाऱ्या बुवांकडे सरळ पाहिलं, आणि त्यांना बुवांच्या तोंडात स्वतःचीच हिरडी दिसली.

बुवांनी पद अर्ध्यावर सोडलं. तोंडावर तळहात धरला आणि त्याच्या आडून म्हणाले, "आज आपण मूक प्रार्थना करू."

घरी आल्यावर काका जेवायला बसले नाहीत. काकूंनी पान वाढलं तसं झाकून ठेवलं. मग काका म्हणाले, "चूक झाली. दुसरी करून देतो. ठसा आहेच माझ्याकडे."

"पुन्हा ठशावरूनच?"

"मग काय करू?"

"माणसावरून करा."

काकूंनी खुर्ची ओढली. "इतकी वर्षं संसार केला तुमच्याशी. तुम्ही पहिल्या टोकाला का बसता, ते मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?"

काकांचा चेहरा उतरला. "मी कुणाला एक वाईट शब्द बोललो असेन तर सांग."

"नाहीच बोललात. चांगला तरी कुठं बोललात? दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे, तुमचा धंदाच आहे तो." एवढं बोलून त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण आवाज खाली आला. "रागावू नका. मी तरी कुठली मोठी? इतकी वर्षं बघत होते आणि गप्प बसले."

मग काकांनी जे सांगितलं ते असं, की त्या लोकांच्या शेजारी बसायचं म्हटलं की माझं अंग आखडतं. मी आखडत नाही, ते आपोआप आखडतं. मी वाईट आहे का?

"ते मला नका विचारू," काकू म्हणाल्या. "ज्याला विचारायचं त्याला विचारा."

काका मागच्या खोलीत गेले, जबड्यांच्या ओळीसमोर गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, प्रभू, हे माझ्यातून काढून टाक. काढलं की लगेच जातो बुवांकडे. असं त्यांनी पुष्कळदा म्हटलं. काही निघालं नाही. पाठीवरून कुणी हात फिरवला नाही की कुठून उजेड पडला नाही. गुडघे तेवढे दुखू लागले. आणि गुडघे चोळत उठताना बुवांचं ते पद त्यांच्या मनात आलं. मुक्याला आधी बोलता हो, मग मी तुला शिवेन, असं प्रभू म्हणालाच नव्हता. तो आधी शिवला. मोकळं होणं मागाहून आलं. आणि आपण मात्र आधी मन साफ कर, मग हात पुढे करतो, असा सौदा घालत बसलोय!

काकांनी पिशवीत दिवा, आरसा आणि मेण भरलं आणि निघाले.

बुवा एका लाँड्रीच्या वर एका खोलीत राहत. खालून वाफेचा वास येई. दार उघडलं ते गळ्यातला मफलर तोंडावर धरूनच. कवळी टेबलावर पाण्याच्या पेल्यात पडली होती.

"मी तुमची कवळी बिघडवली," काका उंबऱ्यातूनच म्हणाले.

दाताविना बुवांचे शब्द सैल पडत, पण कळत. "बिघडवली नाहीत, काका. काम सुरेख आहे. फक्त तोंड कुणा दुसऱ्याचं पाठवलंत."

"बघू द्याल?"

बुवांनी मफलर खाली केला, खिडकीशी बसले आणि तोंड उघडलं. काकांनी दिवा धरला. अंग आखडलं, अगदी नेहमीसारखंच आखडलं. तरी त्यांनी बोटानं वरचा ओठ उचलला. आत पाहिलं आणि कारागीर होता ना शेवटी, तो भान विसरला! काठाशी जांभळट तपकिरी, आत गेलं की तांबूस, मध्येच काळसर ठिपके, टाळूकडे पुन्हा फिकट. एका तोंडात एवढे रंग आणि आपण एका बरणीवर भागवलं.

"थोडं आणखी उघडा. हां. अहो, हे तर फार छान आहे," काका पुटपुटले.

"आजवर माझ्या हिरड्यांना कुणी छान म्हटलं नव्हतं," बुवा तोंड उघडं ठेवूनच म्हणाले आणि दोघंही हसले.

दुसऱ्या दिवसापासून बुवा दुपारी काकांच्या खोलीत येऊन बसू लागले. काका रंग कालवत, नमुन्याची पट्टी हिरडीशी धरत, मान हलवत, पुन्हा कालवत. काकू मधून मधून येऊन "हा जरा जास्त झाला" म्हणून जात. सगळं सुरळीत चाललं होतं आणि एका दुपारी बुवांनी सहज विचारलं, "काका, माझ्या पदाला तुम्ही डोळे का मिटता?"

काकांच्या हातातली कांडी थांबली. 'भक्ती' हा शब्द ओठावर तयार होता. तो त्यांनी गिळला.

"डोळे उघडे ठेवले की... तुम्ही दिसता. मला आवाज हवा होता. तुम्ही नको होता."

बुवा हळूहळू उठले.

"आणि मला वाटायचं तुम्ही प्रार्थना करता," ते म्हणाले. "नवीन गाव, नवी माणसं. समोर एक जण तरी माझ्यासाठी देवाला विनवतोय, असं समजून मी तुमच्याकडे बघून गायचो. पहिल्या दिवसापासून."

ते गेले. काकांनी हाक मारली नाही. कुठल्या तोंडानं मारणार?

दुसऱ्या दिवशी बुवा आले नाहीत. त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाही. सभा तोंडावर आलेली. काकू म्हणाल्या, "जाऊन पाया पडा." काका म्हणाले, "पाया पडून त्यांना आणखी कोंडीत धरू? लगेच माफ करा म्हणून?" ते रोज त्या वेळेला दिवा लावत, रंगाच्या वाट्या मांडत आणि बुवांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसत. डोळे उघडे ठेवून. आता मात्र ते खरोखरच प्रार्थना करत होते, आणि ती स्वतःसाठी नव्हती.

मग एका दुपारी जिना वाजला. बुवा आत आले, खुर्चीवर बसले.

"दातांसाठी आलोय," ते म्हणाले. "गाणं माझं नाही, त्याचं आहे, ते अडवायचा मला हक्क नाही. बाकीचं... बाकीचं अजून दुखतंय, काका. नाही दुखत असं मी म्हणणार नाही."

"म्हणूच नका," काका म्हणाले.

त्या दिवशी काम झालं ते अबोल्यातच. पण शीळ घालवायची तर गायलाच हवं. बुवा एक ओळ गात, काका कान देऊन ऐकत, कवळी काढून समोरच्या दातांमागे जरासं घासत, पुन्हा बसवत. गा. काढा. घासा. गा. काका आता त्यांच्या तोंडाकडे बघत होते, जिभेकडे, ओठांच्या हालचालीकडे, कपाळावर ताणलेल्या शिरेकडे. वरचा सूर लावताना बुवांची डावी भुवई वर जाते, हे वर्षभर पहिल्या बाकावर बसून त्यांनी पाहिलंच नव्हतं. शेवटी एकदा 'शब्दे' शीळ न घालता आलं, स्वच्छ, धारदार. स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, "आलं! आलं!" आणि बुवा नको नको म्हणताना हसले. हसले तेव्हा दात दिसले, पण हिरडी कुठली त्यांची आणि कुठली काकांची, ते करणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

सभेच्या दिवशी बाहेरगावच्या मंडळ्यांनी चर्च खचाखच भरलं. बुवांनी तेच पद धरलं. कवळीकडे कुणाचंही लक्ष गेलं नाही. कवळी करणाऱ्याला याहून मोठं बक्षीस नाही. पंच एकमेकांकडे बघून माना डोलवत होते. कचेरीतल्या कागदांना दुसरा कुणी बघावा लागणार, हे तिथंच ठरलं. पण पहिल्या बाकाचं पहिलं टोक रिकामं होतं. बुवांची नजर तिथं गेली, जरा अडखळली आणि शोधू लागली.

काका शेवटच्या बाकावर होते. सगळ्यांत शेवटच्या जागी. शेजारी गोदीतले मजूर, सगळे समुद्रापलीकडचे, आणि त्यांच्या टोकाला काका, डोळे टक्क उघडे.

प्याला फिरत फिरत मागे आला. एकेका ओठाला लागत, एकेका हातातून. शेजारच्या मजुरानं घोट घेतला आणि प्याला काकांपुढे धरला. काकांचं अंग आखडलं. हो, तेव्हाही आखडलं. तो गाळ काही एका कवळीनं धुऊन निघत नाही. हात अर्ध्यावरच अडला. मजुराला वाटलं म्हातारा माणूस आहे, त्यानं काकांच्या हाताखाली स्वतःचा हात धरला आणि प्याला त्यांच्या ओठांशी नेला. त्या काळ्या, खरबरीत हाताच्या आधारानं काका प्याले. आणि प्रभूनं आपल्याला आधी शिवलं ते असं, हे त्यांना तिथं कळलं.

आता उरले बुवा. शेवटचा घोट प्रवचनकाराचा असतो, सांगितलं ना मी? ते पुढून चालत शेवटच्या बाकापर्यंत आले आणि काकांच्या हातून प्याला घेतला. रिवाजाप्रमाणे तो जरासा फिरवायचा असतो. बुवांनी प्याल्याच्या कडेकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. क्षणभर थांबले. फार वेळ नाही. आणि प्याला न फिरवता, काकांचे ओठ लागले होते त्याच जागी ओठ लावून, उरलेलं सगळं प्यायले.

तर अशी ही गोष्ट. काका अजून आहेत, शेवटच्या बाकावरच बसतात, आणि कुणी 'तुम्ही बदललात हो' म्हटलं की म्हणतात, "बदलतोय. दर रविवारी." त्यांची आठवण तुम्ही काढालच, मी सांगायला नको. माझं मागणं निराळं आहे. हात जोडाल तेव्हा बुवांची आठवण ठेवा. चुकलेल्याला लोक प्रार्थनेत लवकर घेतात. ज्याच्यावर माफ करायची वेळ येते, तो मात्र एकटा राहतो. आजही पद उचलण्याआधी बुवांची नजर त्या पहिल्या टोकाकडे जाते, तिथं कुणी नसतं तरीही. मग ते मागे बघतात, भुवई वर जाते, आणि गातात. त्यांच्यासाठी एक शब्द टाका वर.